पार्श्वभूमी : गिरण्यांचे भोंगे थांबले, गावाकडची मनीऑर्डरही

गिरणगावातला पगार गिरणगावात कधीच पुरता खर्च झाला नाही. खोलीचा वाटा, खानावळवालीचा महिना आणि गावमंडळाची वर्गणी भागली की उरलेले पैसे रत्नागिरीला, साताऱ्याच्या पाटण-जावळीला जायचे. गावी शेती बायकाच ओढत. खत, बैल, मुलांची फी मात्र मुंबईच्या पैशावर. तुटपुंजी जमीन विकावी लागली नाही, ती त्यामुळेच.

18 जानेवारी 1982 चा संप एवढा लांबला, त्यालाही गावचाच आधार होता. अडीच लाखांच्या आसपास संपकरी. त्यांतले कितीतरी बिऱ्हाड आवरून गावी गेले. वर्ष उलटलं तशी कणगीही आटली आणि दुकानदाराची उधारीही. 1990 मध्ये रोजगार हमीतून शंभर टक्के अनुदानाची फळबाग योजना आली, पण कोकणातला सातबारा सामाईक. चुलत्यांच्या संमतीशिवाय कलम लावायचं कुठे?

गिरण्या बंद पडल्यावर कामगारांच्या घरांचा प्रश्न आला, आणि त्यातली खरी मेख जमिनीच्या नियमात होती. 1991 च्या विकास नियमावलीतल्या नियम 58 नुसार गिरणीची जमीन विकासाला काढली, तर ढोबळमानाने एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेली मालकाला. 2001 च्या दुरुस्तीने हा हिशेब फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेवर आणला. शेड पाडून मोकळी झालेली जमीन वाटणीतून वगळली. आता गिरणीत साचेखातं, कातणखातं, गोदामं सोडून रिकामं असतं तरी किती? उच्च न्यायालयाने 2005 मध्ये दिलेला निकाल सार्वजनिक वाट्याच्या बाजूने होता. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2006 मध्ये तो फिरवला. गंमत अशी, की कामगारांना घरं देण्याची तरतूदही याच आक्रसलेल्या वाट्यावर उभी राहिली.

हक्क कुणाला, तर 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर हजेरीपटावर असलेल्याला. पुरावा म्हणून तिकीट नंबर (गिरणीतला कामगार क्रमांक), हजेरीपत्रक, प्रॉव्हिडंट फंडाचा किंवा ईएसआयचा (कामगार विमा योजनेचा) क्रमांक. कायम कामगाराकडे यांतलं काहीतरी निघतं. सकाळी गेटवर उभं राहून महिन्यातले मोजके दिवस भरणाऱ्या बदलीवाल्याचं तिथेच अडतं. कागद गावच्या ट्रंकेत, ट्रंक गळक्या माळ्यावर. कामगार वारला असेल तर वारसाचा दाखला आणि बाकीच्या भावंडांची ना-हरकत. एका कामगाराला एकच घर, तेही 225 चौरस फुटांचं. त्यावर गावची शेती सांभाळणारा भाऊ आणि मुंबईत खोली धरून बसलेला भाऊ दोघेही हक्क सांगतात, आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणीची सही राहते.