हिब्रू नावांच्या शेवटी काय लपलेलं असतं?

नाथान, योनाथान, नथनेल, नेतन्याहू ही चार वेगळी नावं वाटतात ना, पण चारही एकाच धातूची आहेत, न-त-न, म्हणजे देणे. हिब्रूत, म्हणजे ज्यू लोकांच्या प्राचीन भाषेत, बहुतेक शब्द असे तीन व्यंजनांवर उभे असतात, स्वर बदलायचे, मागेपुढे काहीतरी जोडायचं की नवीन शब्द तयार. नथनेलमधला 'एल' म्हणजे देव, नेतन्याहूमधला 'याहू' म्हणजे यहोवा या देवनामाचं छोटं रूप, आणि योनाथानमध्ये तेच 'यो' होऊन पुढे आलंय. अर्थ देवाने दिला, आपला देवदत्त तसाच.

मला यातलं सगळ्यात भारी वाटतं ते म्हणजे ही नावं इतिहासाचा पुरावा म्हणून वापरता येतात. प्राचीन काळी उत्तरेला इस्राएल आणि दक्षिणेला यहूदा अशी दोन राज्यं होती. इस्राएलची राजधानी शोमरोन, तिथे १९१० साली तेल आणि वाइनच्या नोंदी लिहिलेली खापरं सापडली, त्यातल्या नावांच्या शेवटी 'याहू' नाही तर आखूड 'यव' येतं, आणि त्याच खापरांवर अबिबालसारखी, 'बाल' नावाच्या दुसऱ्या एका देवावरून ठेवलेली नावंही आहेत, म्हणजे तिथे पोरांची नावं फक्त यहोवाच्या नावावरून ठेवत नव्हते!

यहूदात मात्र 'याहू'. यहूदाची राजधानी जेरुसलेम, तिथे १९८२ साली यिगाल शिलो यांच्या उत्खननात एका जळलेल्या घरात मातीचे पन्नासेक शिक्के मिळाले. तेव्हा पपायरसची, म्हणजे लव्हाळ्यापासून बनवलेल्या कागदाची गुंडाळी दोरीने बांधून गाठीवर ओल्या मातीचा नखाएवढा गोळा दाबायचे आणि त्यावर मोहोर उठवायचे. इसवी सनापूर्वी ५८६ मध्ये बाबिलोनच्या सैन्याने शहर पेटवलं, कागद सगळे जळाले पण त्याच आगीत माती भाजून पक्की झाली म्हणून आज ती नावं वाचता येतात. त्यातलं एक गमर्याहू बेन शाफान, म्हणजे शाफानचा मुलगा, आणि याच नावाचा माणूस बायबलमध्ये यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकात राजवाड्यात भेटतो. शाफान हे खडकात राहणाऱ्या एका सशाएवढ्या प्राण्याचं नाव. प्राण्यांवरून नावं भरपूर आहेत, दबोरा मधमाशी, राहेल मेंढी, योना कबुतर.

नावामागची गोष्ट आणि खरी व्युत्पत्ती मात्र एकच असेल असं नाही. ज्यूंचा पुढारी मोशे याला पाण्यातून 'बाहेर काढला' म्हणून ते नाव पडलं असं बायबल सांगतं, पण बऱ्याच अभ्यासकांना त्यात इजिप्शियन 'मोसे' दिसतो, जन्मलेला या अर्थाचा, थुतमोस राजाच्या नावात असतो तोच.

आपल्या कोकणातल्या बेने इस्राएली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांनी तर या नावांना पार मराठी करून टाकलं. अब्राहामचा आबाजी, शमुवेलचा समाजी, यहेज्केलचा हसाजी, आणि पुढे गावावरून आडनाव. १७९६ साली मुंबईतलं पहिलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) बांधणारे सॅम्युअल एझिकेल दिवेकर त्यांच्या लोकांत समाजी हसाजी दिवेकर म्हणूनच ओळखले जायचे.