बेळगाववरच्या आकाशातल्या लाटा आणि सूर्य

सीमाभागातल्या मराठी घरांत एकेकाळी रात्रीच्या रेडिओला मोठा मान होता. दिवसा न लागणारं मुंबई केंद्र अंधार पडला की लागायचं आणि बातम्या ऐन रंगात असताना आवाज बुडायचा, पुन्हा वर यायचा. दोष रेडिओचा नव्हता. मावळतीनंतर वातावरणातला रेडिओलहरी शोषणारा खालचा थर विरतो, लहरी सुमारे शंभर किलोमीटरवरून परततात, आणि तो विद्युतभारित वरचा थर स्वस्थ बसत नाही.

असा थर खरोखर आहे, हे भौतिकशास्त्रज्ञ ॲपलटन यांनी 1924 च्या डिसेंबरात इंग्लंडमध्ये सिद्ध केलं. पुढे 1940 च्या दशकात ऑस्ट्रेलियात संशोधक मन्रो यांनी अंतराअंतरावरच्या केंद्रांतून नोंदी घेतल्या. थरातली खळबळ एका केंद्रावरून दुसऱ्याकडे सरकत जाताना दिसली. ती कशाची, याचं पटणारं उत्तर 1960 मध्ये शास्त्रज्ञ हाइन्स यांनी दिलं: हवा वर ढकलली जाते, गुरुत्व तिला खाली ओढतं, आणि ही लाट वर विरळ हवेत जाईल तसतशी फुगत जाते. सह्याद्रीवर गडगडणारे वळवाचे ढगसुद्धा अशा लाटा वर पाठवतात.

सूर्याचा हात इथे दोन प्रकारे लागतो. सुमारे अकरा वर्षांच्या चक्रात अतिनील किरणं वाढली की वरचं वातावरण तापून फुगतं. चारशे किलोमीटरवरची हवा कितीतरी पटींनी दाट होते आणि लाटांचं चालणं-विरणं बदलतं. दुसरा प्रकार सौरवादळाचा. ध्रुवांजवळची हवा अचानक तापते, तिथून निघालेल्या लाटा सेकंदाला काहीशे मीटर वेगाने विषुववृत्ताकडे धावतात आणि काही तासांत आपल्या डोक्यावर येतात. 10-11 मे 2024 चं वादळ दोन दशकांतलं सर्वांत मोठं होतं. लडाखमधल्या हानले इथून तांबूस प्रकाश दिसला.

बेळगावची जागा यात मोक्याची आहे. चुंबकीय विषुववृत्त, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय रेषा जिथे जमिनीला समांतर असतात ती रेघ, भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. तिथे संध्याकाळी विरळ प्लाझ्माचे, म्हणजे विद्युतभारित वायूचे, बुडबुडे उठतात. सूर्य जोरात असला की ते उंच चढतात आणि चुंबकीय रेषांच्या वाटेने उत्तरेला आपल्यापर्यंत, पुढेही पसरतात. मंद असला की बरेचसे दक्षिणेतच थांबतात. ते डोक्यावर असताना जीपीएसचे संकेत थरथरतात. सेंटीमीटरची अचूकता लागणाऱ्या जमीन मोजणीच्या रोव्हरला (उपग्रहांवरून जागा टिपणाऱ्या उपकरणाला) वरच्या थरातली अशी खळबळ चांगलीच नडू शकते.

कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं रडार आहे. 80 ते 98 किलोमीटरवरच्या वाऱ्यांच्या त्याच्या नोंदी 1999 पासूनच्या आहेत. माझं आग्रहाचं म्हणणं असं, की बेळगाव आणि सावंतवाडीतल्या महाविद्यालयांनी कोल्हापूरच्या जोडीने प्रत्येकी एक दुहेरी फ्रिक्वेन्सीचा, म्हणजे वरच्या थरातली खळबळ टिपू शकणारा, जीपीएस रिसीव्हर बसवावा. तिन्ही ठिकाणं एका रेषेत नाहीत. त्यामुळे मन्रो यांच्याच रीतीने लाट कुठून आली आणि किती वेगाने गेली, ते काढता येईल. उत्तरेकडून आलेली सूर्याची कोणती आणि घाटातल्या ढगांची कोणती, हे निवडायला तिथून सुरुवात होते.