औष्णिक वीज केंद्राची जनसुनावणी: हरकत कोण घेऊ शकतं, कागद कोणते, कुठे द्यायचे

कोळशावरचं वीज केंद्र 500 मेगावॅट किंवा त्याहून मोठं असेल, तर पर्यावरण मंजुरी दिल्लीतलं केंद्रीय पर्यावरण मंत्रालय देतं. नागपूरजवळच्या कोराडीत महानिर्मिती या राज्य सरकारच्या वीज कंपनीचे 660 मेगावॅटचे दोन नवे संच याच गटातले. त्यांची जनसुनावणी 29 मे 2023 रोजी, नागपूरच्या ऐन उन्हाळ्यात झाली. अशी सुनावणी केंद्राच्या 14 सप्टेंबर 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार होते. तिथे मतदान होत नाही आणि व्यासपीठावरचे अधिकारी मंजुरी देतही नाहीत, नाकारतही नाहीत. दिल्लीला जातं ते इतिवृत्त, म्हणजे सुनावणीत काय बोललं गेलं त्याची लेखी नोंद. तुमचा मुद्दा त्यात उतरला पाहिजे, एवढंच ध्यानात ठेवा. टाळ्या त्यात उतरत नाहीत.

सुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं. जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतो. किमान 30 दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात सूचना छापावी लागते. ती दिसली की कात्रण तारखेसह जपून ठेवा; मुदत पाळली गेली नाही, हा मुद्दा पुढे उपयोगी पडतो.

तोंडी म्हणणं मांडण्याची सोय प्रकल्पस्थळाजवळच्या बाधित लोकांसाठी आहे. शेत, विहीर, घर किंवा रोजचं काम त्या परिसरात असलं की झालं. पुण्या-मुंबईत राहणाऱ्यांना, संस्थांना किंवा अभ्यासकांना लेखी म्हणणं पाठवता येतं. शुल्क नाही, छापील फॉर्म नाही, गणपूर्तीची, म्हणजे किमान हजेरीची, अटही नाही.

आधी प्रकल्पाच्या पर्यावरण आघात मूल्यांकन अहवालाचा मसुदा वाचा. तो जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र, संबंधित ग्रामपंचायत आणि मंडळाच्या कार्यालयात ठेवलेला असतो. सारांश मराठीत मिळायलाच हवा. खरी माहिती मात्र जाडजूड इंग्रजी खंडात असते, तेव्हा गावातल्या शिकलेल्या पोराला हाताशी धरा.

निवेदन साध्या कागदावर चालतं: नाव, गाव, प्रकल्पाचं नाव, मुद्दे, सही. कायद्याने पुरावा मागितलेला नाही, पण बाधित असल्याचं दाखवायला सातबारा किंवा रहिवासी दाखला जोडलेला बरा. ग्रामसभेचा ठराव असेल तर उत्तमच. दोन प्रती काढा, एक मंडळाला द्या आणि दुसरीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. पोच नसलेलं निवेदन दिलं काय अन् न दिलं काय, सारखंच.

मुद्दे नेमके हवेत. ‘राख उडते, प्रकल्प नको’ या वाक्याला कंपनी ‘नियमांचं पालन केलं जाईल’ असं एका ओळीत उत्तर देते. त्याऐवजी विचारा: जुलै 2022 मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राख बंधारा फुटला, मग नव्या संचांची राख कुठे साठवणार आणि त्या बंधाऱ्याची तपासणी कोण करणार? पाणी कोणत्या स्रोतातून, उन्हाळ्यात किती? जानेवारी 2017 पासून उभारलेल्या संचांना धुलिकणांची मर्यादा 30 मिलिग्रॅम प्रति घनमीटर आहे. मोजमापाचे आकडे गावाला कुठे दिसतील? नोकरीचा प्रश्न जरूर मांडा, पण बहुतेक सुनावण्या त्यातच संपतात आणि राखेचं बोलायचं राहून जातं.

सुनावणीचं चित्रीकरण होतं, हजेरीही नोंदवतात. शेवटी कार्यवाहीचा सारांश स्थानिक भाषेत वाचून दाखवणं बंधनकारक आहे. जेवणाची वेळ झाली म्हणून तेव्हाच लोक उठतात. तसं करू नका. आपला मुद्दा गाळला असेल तर तिथल्या तिथे सांगा, कारण त्याच दिवशी त्यावर सही होते. इतिवृत्त नंतर ग्रामपंचायतीत आणि मंडळाच्या संकेतस्थळावर लागतं. त्यावरचे आक्षेप थेट मंत्रालयाला पाठवता येतात.

पुढची छाननी मंत्रालयाची तज्ज्ञ समिती करते. तिच्या बैठकांची इतिवृत्तं परिवेश या मंत्रालयाच्या मंजुरी-अर्जांच्या पोर्टलवर येतात. मंजुरी मिळालीच, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठात अपील करता येतं. त्यासाठी आदेश कळवल्यापासून 30 दिवस असतात. सबळ कारण दाखवलं तर आणखी जास्तीत जास्त 60. नुकसानभरपाई मागायची नसेल तर शुल्क 1000 रुपये. मंजुरीची प्रत, तुमचं निवेदन, पोच आणि सुनावणीचं इतिवृत्त अपिलाला जोडा.