मूलपेशी व हायड्रोजेल यांद्वारे सांध्यातील कूर्चेची दुरुस्ती

सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या कूर्चेला (कार्टिलेज) इजा झाल्यास त्या जागी मूलपेशी, म्हणजे निरनिराळ्या प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या पेशी, मिसळलेले हायड्रोजेल (भरपूर पाणी धरणारे जेल) बसवून नवी कूर्चा घडवण्याच्या ऊती-अभियांत्रिकीतील पद्धतीचे हे वर्णन आहे. काही मिलिमीटर जाडीच्या या गुळगुळीत थरात रक्तवाहिन्या व चेतातंतू नसतात, पेशीही अगदी विरळ असतात; त्यामुळे त्याची झीज आपोआप भरून येत नाही. नष्ट झालेली कूर्चा पुन्हा भरत नाही, हे शरीररचनाशास्त्रज्ञ विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच नोंदवले होते.

हाडाला बारीक छिद्रे पाडून मज्जेतील पेशी वर आणण्याच्या शस्त्रक्रियेने खड्डा भरतो खरा, पण भरतो तो मुख्यतः तंतुमय कूर्चेने, आणि ती मूळ कूर्चेइतकी टिकाऊ नसते. रुग्णाच्याच कूर्चापेशी प्रयोगशाळेत वाढवून रोपण करण्याच्या पद्धतीचे निष्कर्ष स्वीडनमधील संशोधकांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केले. मात्र सपाट पृष्ठभागावर वाढवताना या पेशी चपट्या होतात आणि कूर्चेचे खास द्रव्य, म्हणजे दुसऱ्या प्रकारचे (टाइप-२) कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन, बनवणे सोडून देतात. जेलमध्ये कोंडल्यावर त्या पुन्हा गोलाकार होऊन आपला मूळ गुणधर्म बऱ्याच अंशी परत मिळवतात, आणि हायड्रोजेलच्या उपयोगामागील एक महत्त्वाचे कारण हेच आहे.

हायड्रोजेल म्हणजे भरपूर पाणी धरून ठेवणारे बहुवारिकांचे (पॉलिमर; लांब साखळीच्या रेणूंचे) त्रिमितीय जाळे. ते अल्जिनेट, हायलुरोनिक आम्ल, कोलॅजेन, फायब्रिन यांपासून किंवा कृत्रिम बहुवारिकांपासून बनवतात. काही जेल द्रवरूपात टोचून प्रकाशाच्या साहाय्याने जागेवरच घट्ट करता येतात, त्यामुळे वेड्यावाकड्या आकाराचा खड्डाही भरतो. मूलपेशी अस्थिमज्जा, मेद, सांध्याचे अस्तर किंवा नाळेतील रक्त यांतून मिळतात. नाळेच्या रक्तातील पेशी व हायलुरोनिक आम्ल यांचे ‘कार्टिस्टेम’ हे उत्पादन दक्षिण कोरियात २०१२ मध्ये मान्य झाले.

खरी अडचण पेशी जगवण्याची नसून त्यांना योग्य टप्प्यावर थांबवण्याची आहे. टीजीएफ-बीटासारख्या वृद्धिघटकांच्या प्रभावाखाली अस्थिमज्जेतील मूलपेशी कूर्चापेशी बनतात, परंतु तेथेच न थांबता फुगतात, दहाव्या प्रकारचे (टाइप-१०) कोलॅजेन बनवू लागतात आणि हाड होण्याच्या मार्गाला लागतात. जेलच्या रचनेतही असाच पेच आहे: जाळे दाट केले तर ते भार पेलते, पण पेशींना नवे द्रव्य पसरवायला जागा उरत नाही, विरळ केले तर पेशी मोकळ्या होतात आणि जेल चालताना चिरडते. शिवाय नवी ऊती भोवतालच्या जुन्या कूर्चेशी एकजीव होणे कठीण असते, आणि बहुधा नव्या-जुन्या ऊतींच्या त्या जोडापासूनच ती सुटू लागते.