सदाशिवराव भाऊ (पानिपतचे सेनापती म्हणून मूल्यमापन)

सदाशिवराव चिमाजी भट ऊर्फ भाऊसाहेब (१७३०–१७६१). चिमाजी अप्पांचे चिरंजीव, नानासाहेब पेशव्यांचे चुलतभाऊ. १७६० च्या सुरुवातीला उदगीरला निजामाला हरवलं आणि लगेच उत्तरेच्या मोहिमेवर नेमणूक झाली. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर अफगाण बादशहा अहमदशाह अब्दालीकडून मराठे कसे हरले ते सगळ्यांना माहितीये. वाद आहे तो त्या पराभवाच्या दोषाचा.

भाऊ गर्विष्ठ, कुणाचं ऐकायचे नाहीत, ही इमेज मुख्यतः एका मसलतीवर उभी आहे. भरतपूरचा राजा सूरजमल जाट आणि मल्हारराव होळकर म्हणाले की जड तोफा, बायकामुलं, बाजारबुणगे मागे ठेवा आणि गनिमी काव्याने लढा, भाऊंनी ते उडवून लावलं. हे सांगणारे दोघं, काशीराज पंडिताची फारसी हकिकत आणि भाऊसाहेबांची बखर. काशीराज अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या नोकरीत, म्हणजे तेव्हा अब्दालीच्या गोटात, आणि लिहिलं १७८० च्या सुमारास. लढाईच्या दिवसासाठी त्याच्यासारखा साक्षीदार नाही, पण मराठ्यांच्या डेऱ्यातली बोलणी त्याला ऐकीव. बखरीचा कर्ता आणि काळ दोन्हींवर एकमत नाही, लढाईनंतर लवकरच लिहिली असं बरेच जण धरतात, संवाद मात्र रचलेले वाटतात. सल्ला दिला गेला असणारच, पण उत्तराचा तो तोरा या दोन साधनांवरून खरा धरणं जरा अवघडच.

इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'च्या पहिल्या खंडात त्या काळातली पत्रं छापली आणि चित्र बरंच बदललं. त्यात भाऊ बुंदेलखंडातले पेशव्यांचे अंमलदार गोविंदपंत बुंदेल्यांना परत परत लिहितायत, पैसा पाठवा, अब्दालीची रसद तोडा. दिल्लीत दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून रुपये पाडले तेही याच तंगीत (रकमेचे आकडे वेगवेगळे, ९ लाखांच्या आसपासचा जास्त प्रचलित). राजवाड्यांनी ठपका गोविंदपंत आणि मल्हाररावांवर ठेवला. पुढे इतिहासकार त्र्यं. शं. शेजवलकरांनी भाऊंची बाजू सगळ्यात जोरात मांडली आणि एकंदरीत पुराव्याचं वजन त्यांच्याकडेच जास्त पडतं.

म्हणून भाऊ निर्दोष ठरत नाहीत. सूरजमल दिल्लीनंतर निघून गेला, ती मोठी राजकीय चूक, धान्य आणि पाठीमागचा मुलूख दोन्ही गेलं. त्याहून जड आरोप कुंजपुऱ्याचा (दिल्लीच्या उत्तरेला यमुनेकाठचं ठाणं). ऑक्टोबर १७६० मध्ये ते ठाणं घेतलं, धान्यही मिळालं, पण तेवढ्यात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि दिल्लीचा रस्ता बंद झाला. नदी ओलांडायच्या उथळ जागा (उतार) नीट राखल्या नाहीत याचं उत्तर भाऊंच्या कुठल्याच समर्थकाला धड देता येत नाही.

लढाईत इब्राहिमखान गारद्याच्या तोफा-बंदुकांच्या कवायती पलटणींनी (गारदी) अब्दालीच्या बाजूच्या रोहिल्यांना जवळजवळ मोडलं होतं. गोल धरून, म्हणजे चौफेर कडं करून, सरकायचं ठरलेलं, पण विंचूरकर आणि गायकवाडांचे स्वार पुढे घुसल्याने गारद्यांचाच मारा अडला असं सांगतात. नानासाहेबांचे थोरले चिरंजीव विश्वासराव गोळी लागून पडल्यावर भाऊ हत्तीवरून उतरले, घोड्यावर बसून गर्दीत शिरले, आणि रिकामी अंबारी बघून फौजेचा धीर सुटला. शौर्य होतं यात शंकाच नाही, सेनापतीने तसं करावं का यावर मात्र अभ्यासकांचं अजून जमलेलं नाही.

मृत्यूबद्दल, काशीराजाच्या म्हणण्यानुसार भाऊंचं प्रेत ओळखलं गेलं. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी ते मानलं नाही, पुढे भाऊंचा तोतया उभा राहिला, त्याला १७७६ मध्ये पकडून मारलं.