इअरफोनमधला संबळ: पुण्याच्या कॉलेजातल्या पोरांच्या लोकसंगीताच्या आवडीमागची पार्श्वभूमी

पुण्यात कुठल्याही कॉलेजच्या कट्ट्यावर जरा वेळ बसा आणि पोरांच्या फोनमध्ये काय वाजतंय ते बघा. हिंदी असतं, रॅप असतं, कोरियन बँड असतात, ते सगळं आहेच. पण त्याच लिस्टमध्ये गोंधळ असतो, भारूड असतं, वाघ्या-मुरळीची गाणी असतात, कुणाकडे शाहीर साबळे तर कुणाकडे प्रल्हाद शिंदे. सकाळचं लेक्चर, मग कॅन्टीनचा चहा, दुपारी प्रॅक्टिकल, संध्याकाळी अभ्यासिका, रात्री मेस, असा दिवस आणि मधल्या पीएमपी बसच्या प्रवासात कानात संबळ, म्हणजे गोंधळ्यांचं वाद्य, चालू.

बरेच जण म्हणतात की हे सगळं पिक्चरमुळे आलं, अजय-अतुलमुळे आलं. ते अर्धंच खरंय. हे संगीत पुण्यात कधीपासूनच होतं, मधली शंभरेक वर्षं शिकल्यासवरल्या पुण्यानं त्याच्याकडे पाठ फिरवली होती, आणि आता शिकणाऱ्याच पोरांनी ते परत जवळ केलंय. ही आवड समजून घ्यायची तर मग बरंच मागं जावं लागतं.

सुरुवात पोवाड्यापासून करू. आज आपल्याला माहीत असलेले सगळ्यात जुने पोवाडे शिवकालातले. अफझलखानाचा वध झाला १६५९ मध्ये आणि त्याच्यावर अगिनदासानं पोवाडा रचला, काही जण अज्ञानदास म्हणतात. नंतर १६७० मध्ये तानाजी सिंहगडावर पडले, त्याचा पोवाडा तुळशीदासाचा. आता सिंहगड म्हणजे पुण्यातल्या पोरांचा रविवारचा ठरलेला ट्रेक. वर जायचं, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खायचं, खाली यायचं. ज्या गडावर आपण दर पावसाळ्यात चढतो त्या गडाचं गाणं साडेतीनशे वर्षांपूर्वी डफावर गायलं जात होतं, हे कळल्यावर चढताना पाय जरा वेगळेच पडतात, निदान माझे तरी पडतात.

मग पेशवाईचा शेवटचा काळ. लोकसंगीत म्हणजे खेड्यातलं असं जे आपल्या डोक्यात बसलंय ते इथे पार खोटं ठरतं, कारण दुसऱ्या बाजीरावाच्या वेळचं पुणं हे लावणीचं शहर होतं. होनाजी पुण्यातलाच, गवळ्याच्या घरातला, तो रचायचा आणि त्याचा साथीदार बाळा करंजकर गायचा, म्हणून होनाजी-बाळा ही जोडी. राम जोशी सोलापूरचा ब्राह्मण, अनंत फंदी संगमनेरचा, परशराम सिन्नरचा शिंपी, सगनभाऊ जेजुरीकडचा मुसलमान शिकलगार. आणि प्रभाकर, त्यानं तर पेशव्यांचे चांगले दिवसही गायले आणि वाईटही. एवढ्या वेगवेगळ्या जातीधर्माची माणसं एकाच कलेत नाव काढत होती आणि पुण्यात त्यांना ऐकणारे होते, पैसा देणारे होते. कॉलेजात मराठी साहित्याच्या पेपरला या सगळ्यांवर टिपा लिहाव्या लागतात, पण ती लावणी ढोलकी-तुणतुण्यावर कशी वाजायची हे कुणी ऐकवत नाही. ते ऐकवायला पाहिजे.

१८१८ ला पेशवाई गेली आणि तमाशाचा राजाश्रय पण गेला. फड, म्हणजे तमाशाच्या मंडळ्या, गावोगावच्या जत्रांकडे वळले. पुण्यात इंग्रजी शाळा आल्या, नंतर कॉलेजं आली, फर्ग्युसन १८८५ चं. शिकलेल्या घरांमध्ये नाट्यसंगीत आणि शास्त्रीय गाणं आलं, आणि ढोलकीचा आवाज आला की खिडक्या लावायच्या असा काळ सुरू झाला. म्हणजे जे शहर होनाजीचं होतं त्याच शहरात त्याची कला ही चांगल्या घरातल्यांनी बघायची गोष्ट राहिली नाही.

पण याच काळात दोन गोष्टी झाल्या ज्या मला फार महत्त्वाच्या वाटतात. जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर पवाडा लिहिला, कुळवाडीभूषण, म्हणजे शेतकऱ्यांचं भूषण, म्हणून महाराज मांडले, आणि मुद्दाम पवाडाच लिहिला कारण ज्या लोकांपर्यंत पोचायचं होतं त्यांच्या कानाला तो ओळखीचा होता. पुढे सत्यशोधकी जलसे आले, त्यानंतर आंबेडकरी जलसे, ते याच वाटेनं. आणि दुसरं म्हणजे ॲक्वर्थ नावाचा इंग्रज अधिकारी आणि शंकर तुकाराम शाळिग्राम या दोघांनी लोकांच्या तोंडी असलेले पोवाडे गोळा करून १८९१ मध्ये छापले. गोंधळी लोकांकडून ऐकून ऐकून लिहून घेतलेलं. ते काम झालं नसतं तर वरचे कितीतरी पोवाडे आज आपल्यापर्यंत आलेच नसते.

पठ्ठे बापूराव हे त्या पुढच्या काळातलं सगळ्यात मोठं नाव. मूळ श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, रेठरे हरणाक्षचे, जन्म १८६६ चा. कुलकर्णीपण सोडून फडात गेले, पवळाबाईंबरोबर त्यांचा तमाशा गाजला, ब्राह्मणाच्या पोरानं महार बाईबरोबर फड उभा केला म्हणून समाजानं काय काय ऐकवलं असेल ते वेगळं सांगायला नको. १९४५ मध्ये पुण्यातच गेले, हलाखीत. स्वातंत्र्याच्या सुमाराला बाळासाहेब खेरांच्या सरकारनं तमाशावर बंदी घातली, नंतर ती उठली पण वगाचं, म्हणजे तमाशातल्या नाटकाचं, स्क्रिप्ट तपासून घ्या वगैरे अटी आल्या. शहरात तमाशा राहिला तो आर्यभूषण थिएटरसारख्या ठिकाणी, आणि पेठांमधल्या कितीतरी घरांमधल्या मुलांना त्या थिएटरवरून जाताना मान खाली घालून जा असं सांगितलं जायचं.

पुण्यापासून नाशिक रोडनं पाऊणशे किलोमीटरवर नारायणगाव आहे, तमाशाची पंढरी म्हणतात त्याला. गुढीपाडव्याच्या आसपास तिथं फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे कारभारी येतात, जत्रेसाठी कुठला फड, किती रकमेला, ते ठरतं, त्याला सुपारी घेणं म्हणतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर इथल्याच. बाळंतपणाच्या कळा येत असताना कार्यक्रम थांबवून मागे जाऊन बाळाला जन्म दिला आणि पुन्हा बोर्डावर आल्या, ही त्यांची गोष्ट महाराष्ट्रभर सांगितली जाते. राष्ट्रपतींच्या हातून सन्मान झाला, पण शेवटचे दिवस ओढग्रस्तीतच गेले, २००२ मध्ये त्या वारल्या. आता राज्य सरकार त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं. त्या हयात असताना ही कदर अजून जास्त व्हायला हवी होती असं मला मनापासून वाटतं.

या सगळ्यात एका गोष्टीकडे मात्र पुण्यानं कधीच पाठ फिरवली नाही, ती म्हणजे वारी. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराजांनी १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला, पुढे हैबतबाबा आरफळकरांनी माउलींची पालखी वेगळी काढली, आणि दोन्ही पालख्या आजही पुण्यात मुक्कामाला असतात, माउली भवानी पेठेत, तुकोबा नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. आणि पालख्या येतात त्याच फर्ग्युसन रोडवरून जिथं एरवी पोरं कॉफी प्यायला आणि जीन्स घ्यायला येतात. त्या दिवशी रस्ता बंद, कॉलेज अर्धं रिकामं, पोरं पाणी आणि बिस्किटं वाटायला उभी. बाहेरगावाहून आलेल्या, घरी कधी अभंग न ऐकलेल्या मुलांनासुद्धा पहिल्यांदा शंभर टाळ एकदम वाजताना तिथंच ऐकायला मिळतात, त्यात खालून मृदंगाचा घुमारा, आणि एकदा ते अंगावर आलं की नंतर ते युट्यूबवर शोधतातच. लोकसंगीताशी पहिली ओळख कुठं झाली असं माझ्या वर्गात विचारलं तर सगळ्यात जास्त हात पालखीला वर होतात.

कॉलेजवाल्यांनी हे संगीत स्वतः हातात घेतलं ते साधारण सत्तरच्या दशकात. १६ डिसेंबर १९७२ ला भरत नाट्य मंदिरात घाशीराम कोतवालचा पहिला प्रयोग झाला. तेंडुलकरांचं नाटक, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत. पटेल आणि नाना फडणवीस करणारे मोहन आगाशे दोघेही बी. जे. मेडिकलचे. रंगमंचावर माणसांची भिंत उभी राहायची, तीच गायची, तीच नाचायची, कीर्तन, लावणी, खेळे असं सगळं त्यात मिसळलेलं. शहरी सुशिक्षित तरुणांनी लोककलेचा बाज इतक्या ताकदीनं वापरला आणि त्याचे जगभर प्रयोग झाले, त्यानंतर पुण्यातल्या कॉलेजच्या एकांकिकांमध्ये मृदंग-ढोलकी दिसणं ही वेगळी गोष्ट राहिली नाही.

दुसरीकडे याच पुण्यात बसून काही माणसं शांतपणे जमवाजमव करत होती. सरोजिनी बाबर लोकसाहित्य समितीतून बायकांची गाणी छापत होत्या, रा. चिं. ढेरे लोकदैवतांच्या मागे आयुष्यभर होते, दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून वाद्यं सुद्धा गोळा केली, ती शुक्रवार पेठेतल्या म्युझियममध्ये आहेत. आणि हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांनी तर जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमा केल्या, मुळशीच्या डोंगरातल्या गावांपासून पार मराठवाड्यापर्यंत हजारावर गावांतून. पिठाच्या गिरण्या आल्या, घरोघरची जाती बंद पडली, ओवी म्हणायचं कारणच गेलं, तेव्हा हे काम झालं. २०१७ पासून त्या ओव्या पारी या संस्थेच्या साईटवर आवाजासकट ऐकता येतात. आपल्याच आज्ज्यांनी नवऱ्याबद्दल, भावाबद्दल, कष्टाबद्दल, बाबासाहेबांबद्दल काय काय गायलंय ते ऐकलं की अंगावर काटा येतो.

कॅसेटचा काळ विसरून चालणार नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकात प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, नंतर आनंद-मिलिंद शिंदे, वामनदादा कर्डकांची गाणी, हे सगळं वडापच्या जीपमध्ये, चहाच्या टपरीवर, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत वाजायचं. ज्यांनी ते ऐकत शाळेची वर्षं काढली त्यांचीच मुलं आज बीड, परभणी, लातूर, धाराशिववरून पुण्याला शिकायला आलीत. पुण्याच्या विद्यार्थ्यांची आवड बदलली ती मुख्यतः यांच्यामुळे, असं माझं स्पष्ट मत आहे. सदाशिव पेठेतल्या, नव्या पेठेतल्या कॉट बेसिसच्या खोल्यांमध्ये चार जिल्ह्यांची चार पोरं एकत्र राहतात, एक जण देवीची आराधी गाणी लावतो, दुसरा भीमगीतं, तिसऱ्याचे वडील खंडोबाचे वाघ्या, आणि चौथा पुण्याचाच, त्याला हे सगळं तिथं पहिल्यांदा ऐकायला मिळतं.

मग यावर पिक्चर आले. २००४ मध्ये शाहीर साबळ्यांचे नातू केदार शिंदे यांचा अगं बाई अरेच्चा आला, त्यात अजय-अतुलचं मल्हारवारी, त्यानंतर जोगवा, नटरंग, आणि संबळ-हलगी एकदम मोठ्या स्पीकरवर गेली. नटरंगनं तर ढोलकीची लाज वाटायची ती बऱ्याच घरांतून घालवली. पण जमीन आधीच तयार होती म्हणूनच ते उगवलं.

आता प्रत्यक्ष वाजवण्याचं सांगतो, कारण नुसतं ऐकणं वेगळं. फिरोदिया करंडकच्या सीझनला कॉलेजच्या पार्किंगमध्ये तालमी चालतात, कारण त्या स्पर्धेत एकाच प्रयोगात जास्तीत जास्त कला दाखवायच्या असतात. तिथं हलगी वाजवायच्या आधी पोरं रद्दी पेटवतात आणि हलगीचं कातडं त्यावर धरून फिरवून फिरवून शेकतात. गारठ्यानं कातडं सैल पडतं, शेकलं की ताणतं, मग टिपरीचा आवाज कडक येतो. जास्त शेकलं तर फाटतं. मधेमधे बोटानं टिचकी मारून बघायचं असतं. तुणतुणं त्यामानानं साधं दिसतं, लाकडी डबा, खालून कातडं, बाजूला काठी, वर खुंटी आणि मधून एकच तार. पण गाणारा लांबला, श्वास घेतला, सूर सोडला तरी त्या एका तारेनं सूर आणि लय दोन्ही धरून ठेवायची असते, आणि ते तास-दोन तास न चुकता करणं फार अवघड आहे. संबळाची डावीकडची काठी टोकाला वाकडी असते, ती तशी का ते वाजवायला घेतल्यावरच कळतं.

यात एक गोष्ट बोललीच पाहिजे. ही वाद्यं जातीला बांधलेली होती. हलगी मांग-महारांनी वाजवायची, संबळ गोंधळ्यांनी, वाजवणाऱ्याला गावाच्या बाहेर आणि कार्यक्रमाला मात्र सगळ्यात पुढं. मुरळी म्हणून मुली देवाला सोडल्या जायच्या, त्याविरुद्ध १९३४ मध्ये मुंबई प्रांतात कायदा करावा लागला. आज कुठल्याही आडनावाचा पोरगा पार्किंगमध्ये हलगी शेकतो, हे चांगलंच आहे, फार चांगलं आहे. पण स्पर्धेत बक्षीस मिळवणाऱ्या ग्रुपनं ज्या वस्तादाकडून हे शिकलं त्याचं नाव स्टेजवरून घ्यावं, आणि त्याचे पैसे वेळेवर द्यावेत, वडापाव आणि सर्टिफिकेटवर भागवू नये. गोंधळी, वाघ्या, हलगीवाले यांचं पोट यावर चालतं.

बाकी अडचण आहे ती वेळापत्रकाची. फड दसऱ्याला बाहेर पडतात आणि गावजत्रांचा खरा जोर चैत्र-वैशाखात असतो, नेमक्या तेव्हाच युनिव्हर्सिटीच्या परीक्षा असतात. तरी पोरं जातात, मुळशी, खेड, जुन्नरकडच्या जत्रांना, रात्री गण-गवळण आणि वग बघतात आणि पहाटेच्या पहिल्या एसटीनं पेपरला परत येतात.