‘एकच तर ग्लास’ : बायकांच्या रोजच्या वाइनमागची गोष्ट

माझी मावसबहीण लंडनच्या उपनगरात राहते. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणते. तिच्याकडे राहायला गेले होते तेव्हा रोज संध्याकाळी सातच्या सुमाराला एकच देखावा दिसायचा. एका शेगडीवर वरण, दुसरीवर फोडणी, जेवणाच्या टेबलावर लेकीचं गणित, आणि ओट्याच्या कोपऱ्यात रेड वाइनचा ग्लास. चौथ्या दिवशी मी विचारलं, “रोज घेतेस का गं ताई?” ती म्हणाली, “अगं, एकच तर ग्लास. आणि वाइन आहे, दारू थोडीच आहे? हार्टला बरी असते उलट.”

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसला गेल्यावर मी तोच ग्लास घेतला, ती जिथवर भरते तिथवर पाणी भरलं आणि केकच्या मापाच्या भांड्यात ओतलं. २४० मिली भरलं. बाटलीवर १३ टक्के लिहिलेलं होतं. ब्रिटनमध्ये १० मिली शुद्ध अल्कोहोल म्हणजे एक युनिट, आणि आठवड्याला १४ युनिटांच्या वर जाऊ नये असा तिथल्या सरकारी वैद्यकीय सल्लागारांचा सल्ला आहे. ताईच्या त्या एका ग्लासात तीनहून थोडी जास्तच युनिटं होती. आठवड्याची झाली जवळपास बावीस.

ताई निष्काळजी बाई नाही. थायरॉइडची गोळी तिची एक दिवस चुकत नाही. तिला जे वाटतं ते तिच्या पिढीतल्या लाखो बायकांना वाटतं, आणि ते तसं वाटायला लावणाऱ्या घटना सनावळीसकट सांगता येतात.

१९८२ पर्यंत लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरच्या ‘एल विनो’ या वाइन बारमध्ये बाईला काउंटरपाशी उभं राहून वाइन मागता येत नसे. आजूबाजूला वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या आणि कोर्टं. बातम्यांची, खटल्यांची निम्मी बोलणी त्या काउंटरवर चालायची, आणि बायकांनी मात्र मागच्या खोलीत टेबलाशी बसायचं, तिथे आणून देऊ, असा नियम. वकील टेस गिल आणि पत्रकार ॲना कूट यांनी काउंटरवर जाऊन दोन ग्लास वाइन मागितली, नकार मिळाला, तेव्हा १९७५ च्या लिंगभेदविरोधी कायद्याखाली त्या कोर्टात गेल्या. खालच्या कोर्टात हरल्या, नोव्हेंबर १९८२ मध्ये अपील न्यायालयात जिंकल्या. हा लढा रास्त होता आणि तो जिंकला हे फार चांगलं झालं. पण त्या काळात वाइनचा ग्लास हा बरोबरीचा, कमावत्या बाईचा ग्लास ठरला, हेही तितकंच खरं. बिअर पबमधल्या पुरुषांची, वाइन आपली, अशी एक वाटणी मनात झाली.

बाजारानेही ती वाटणी उचलून धरली. साठच्या दशकापासून ब्रिटनमधले परवान्याचे नियम सैल होत गेले आणि सुपरमार्केटच्या फळीवर वाइन आली. पबची पायरी न चढलेली बाई आठवड्याचा बाजार करताना दुधापावाबरोबर बाटलीही ट्रॉलीत ठेवू लागली. १९८३ मध्ये युरोपीय न्यायालयाने ब्रिटनला सुनावलं की तुम्ही देशी बिअरला सांभाळण्यासाठी परदेशी वाइनवर जास्त कर लावता. पुढच्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात वाइनवरचा कर बाटलीमागे सुमारे १८ पेन्सने उतरला.

त्यात वाइनही बदलत गेली. सत्तरच्या दशकात तिथल्या घरात येणारी गोडसर जर्मन व्हाइट वाइन हलकी असायची. पुढे ऑस्ट्रेलिया, चिली, कॅलिफोर्नियाच्या उन्हात पिकलेल्या द्राक्षांची १३-१४ टक्क्यांची वाइन आली. ग्लासही वाढला. केंब्रिजच्या संशोधकांनी इंग्लंडमधले तीनशे वर्षांचे ग्लास मोजले. १७०० च्या आसपास ग्लासात सरासरी ६६ मिली मावायचं, २०१६-१७ मध्ये ४४९ मिली. खरी उडी नव्वदनंतरची. ‘एक ग्लास म्हणजे एक युनिट’ हा जुना हिशोब १२५ मिलीच्या ग्लासाला आणि ८ टक्क्यांच्या वाइनला लागू पडतो. ग्लास बदलला, वाइन बदलली, हिशोब डोक्यात तोच राहिला.

आता ‘हार्टला बरी’ कुठून आलं ते. १७ नोव्हेंबर १९९१ च्या रविवारी अमेरिकेत सीबीएस वाहिनीच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ कार्यक्रमात मॉर्ली सेफर यांनी प्रश्न मांडला : फ्रेंच लोक लोणी, चीज, मांस इतकं खातात, तरी त्यांच्यात हृदयविकार कमी कसा? फ्रेंच संशोधक सर्ज रेनो यांचं उत्तर होतं, रेड वाइन. पुढच्या वर्षभरात अमेरिकेतली रेड वाइनची विक्री सुमारे ४० टक्क्यांनी वाढली. हे कोडं ‘फ्रेंच पॅराडॉक्स’ म्हणून जगभर गाजलं, आपल्याकडच्या आरोग्यविषयक पानांवरही कितीदा तरी छापून आलं.

मला या गोष्टीतलं सगळ्यात जास्त लागतं ते इथेच. त्या रविवारच्या आधीच बायकांसाठी धोक्याची सूचना छापून झालेली होती. मे १९८७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये जवळपास ९० हजार अमेरिकन परिचारिकांचा अभ्यास आला. थोडं पण नियमित पिणाऱ्यांमध्येही स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण जास्त दिसत होतं. १९८८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने मद्याला कॅन्सरकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं, म्हणजे पुरावा पक्का असलेल्या गटात. तंबाखू त्याच गटात आहे. पुढे २००७ मध्ये याच संस्थेने मद्यामुळे होणाऱ्या कॅन्सरमध्ये स्तनाच्या कॅन्सरचं नाव जोडलं. वाइट बातमी आधी आली होती, चांगली नंतर. लोकांनी चांगली जपून ठेवली.

चांगल्या बातमीचं पुढे काय झालं? १९८८ मध्येच ब्रिटनचे डॉ. शेपर यांनी एक साधी शंका काढली होती. ‘अजिबात न पिणारे’ म्हणून ज्यांना मोजलं जातं त्यांच्यात तब्येत ढासळल्यामुळे सोडलेलेही असतात. आजाऱ्यांना न पिणाऱ्यांच्या रांगेत बसवलं की त्यांच्या शेजारी थोडं पिणारा ठणठणीत दिसणारच. दुसरी गोष्ट राहणीमानाची. डेन्मार्कमध्ये सुपरमार्केटच्या ३५ लाख बिलांचा अभ्यास २००६ मध्ये आला. वाइन घेणाऱ्यांच्या बिलात फळं, भाज्या, ऑलिव्ह जास्त होती, बिअर घेणाऱ्यांच्या बिलात सॉसेजेस, चिप्स, तयार जेवणं. मग हृदय वाइनने सांभाळलं की भाजीने? की मुळात हाती असलेल्या पैशाने? द्राक्षाच्या सालीतल्या रेझव्हेरट्रॉल या द्रव्याचाही खूप गाजावाजा झाला, पण ग्लासभर वाइनमध्ये ते नावापुरतंच असतं. त्यावर भरपूर लिहिणारे कनेक्टिकट विद्यापीठातले दीपक दास यांच्या कामात विद्यापीठाच्या चौकशीला १४५ ठिकाणी बनावट किंवा फेरफार केलेली माहिती सापडली. हे २०१२ सालचं. आणि एकदाचा नीट प्रयोग करून सोक्षमोक्ष लावू म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने घेतलेला दहा कोटी डॉलरचा अभ्यास २०१८ मध्ये बंद करावा लागला. त्यात मद्यकंपन्यांचा पैसा होता आणि आखणीच्या वेळी त्यांच्याशी बोलणी झाल्याचं उघड झालं होतं.

मुळात हृदयाचा हा हिशोब बायकांना लावायचाच का, हाही प्रश्न आहे. पाळी चालू असलेल्या वयात बाईला हृदयविकाराचा धोका तसाही कमी असतो. जो मुळात कमी तो धोका टाळण्यासाठी ती कॅन्सरचा, जो खरोखर आहे, तो वाढवत राहते.

तो वाढतो कसा? मद्य पाण्यात मिसळतं, आणि बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण पुरुषाहून कमी, चरबीचं जास्त. त्यामुळे दोघं सारख्या वजनाचे असले आणि सारखंच प्यायले तरी तिच्या रक्तात अल्कोहोल जास्त चढतं. जठरातच थोडं अल्कोहोल मोडणारं एन्झाइम बायकांमध्ये कमी काम करतं असं १९९० मध्ये इटली-अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं. तो फरक केवढा यावर पुढे वाद झाले, पाण्याबद्दल वाद नाही. यकृताचं नुकसानही बायकांमध्ये कमी वर्षांत आणि कमी मद्याने होतं. शरीरात अल्कोहोलचं ॲसिटाल्डिहाइड होतं आणि ते पेशींमधल्या डीएनएला इजा करतं. शिवाय मद्यामुळे इस्ट्रोजेनची पातळी वाढते, आणि स्तनाच्या कॅन्सरच्या बऱ्याच गाठी इस्ट्रोजेनवर पोसतात. या सगळ्यात वाइन, बिअर, व्हिस्की असा भेद नाही. गरोदरपणाबद्दल तर १९७३ मध्ये सिॲटलच्या डॉक्टरांनी गर्भावर होणाऱ्या परिणामांना नाव दिल्यापासून चित्र स्पष्ट आहे. त्या नऊ महिन्यांत थेंबही नको.

सगळ्यात मोठं उत्तर ब्रिटनमधूनच आलं. १९९६ ते २००१ या काळात स्तनांच्या तपासणीला आलेल्या मध्यमवयीन बायकांना ‘मिलियन विमेन स्टडी’त घेतलं होतं. त्यातल्या सुमारे १२ लाख ८० हजार जणींचा मद्याबद्दलचा निष्कर्ष २००९ मध्ये छापून आला. या दारूत बुडालेल्या बायका नव्हत्या. पिणाऱ्या जणी दिवसाला सरासरी १० ग्रॅम अल्कोहोलच्या आसपास पीत होत्या, म्हणजे ताईच्या निम्म्याहून कमी. दर दिवसाच्या प्रत्येक वाढीव १० ग्रॅममागे, पंचाहत्तरीपर्यंत, हजार बायकांत स्तनाच्या कॅन्सरच्या ११ जणी जास्त. आणि फक्त वाइन घेणाऱ्या व इतर पेयं घेणाऱ्या यांच्या धोक्यात फरक सापडला नाही. एका बाईपुरतं पाहिलं तर हा धोका लहान आहे, उगाच घाबरवायचं कारण नाही. पण रोज पिणाऱ्या बायकांची संख्या लाखांत गेली की त्या अकरांतली एखादी गावोगाव सापडते.

त्यानंतर सरकारी सल्ले बदलत गेले. ब्रिटनने २०१६ मध्ये पुरुषांची मर्यादाही बायकांइतकीच, आठवड्याला १४ युनिटांवर आणली आणि सांगितलं की हृदयाला फायदा झालाच तर तो पंचावन्नपुढच्या बायकांना, तोही अगदी थोड्या पिण्यात. कॅनडाने २०२३ च्या जानेवारीत आठवड्याला दोन पेयांच्या वर धोका वाढत जातो असा सल्ला दिला. त्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित असं प्रमाण नाहीच असं म्हटलं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्याबद्दल सरकारतर्फे बोलणारे प्रमुख डॉक्टर, विवेक मूर्ती यांनी बाटलीवर कॅन्सरचा इशारा हवा अशी मागणी केली.

दुसरीकडे भाषा उलट दिशेने चालली होती. ‘वाइन ओ’क्लॉक’, म्हणजे संध्याकाळची वाइनची वेळ, हा शब्द २०१५ मध्ये ऑक्सफर्डच्या ऑनलाइन शब्दकोशात गेला. मुलं झोपली की आईचा ग्लास, अशी वाक्यं कपांवर, वाढदिवसाच्या कार्डांवर छापून येऊ लागली. थकलेल्या आईला विसावा हवा असतो, हे त्या कार्ड छापणाऱ्यांना बरोबर कळलं होतं.

आपल्याकडे या गोष्टीचं टोक दुसरीकडून हाताला लागतं. महाराष्ट्रात बाईचं आणि दारूचं नातं ‘आडवी बाटली’चं. नवऱ्याच्या पिण्याने पोळलेल्या बायकांनी गावोगाव मतदान घडवून दुकानं बंद पाडली, गडचिरोलीत १९९३ मध्ये जिल्हाभर दारूबंदी झाली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पिणाऱ्या बायका शंभरात एकही भरत नाहीत. मात्र नाशिकच्या द्राक्षमळ्यांत २००० च्या सुमाराला वाइन मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली, २००१ मध्ये सरकारने द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं, आणि जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय झाला. तेव्हा संजय राऊत म्हणाले होते, वाइन म्हणजे दारू नव्हे, शेतकऱ्याला फायदा होईल. विरोध झाला आणि निर्णय अमलात आला नाही. शेतकऱ्याचा मुद्दा मी हलका मानत नाही. पण वाक्याचा पहिला भाग ऐकताना मला ताईचा ओटा दिसला. शहरातली जी बाई ही वाइन घेते ती बहुतेकदा डॉक्टरला सांगत नाही, कारण आपल्याकडे बाईच्या पिण्याला आधी लाज चिकटते, मग आजार. डॉक्टरही विचारत नाहीत.

परत यायच्या आदल्या रात्री ताईने स्वतःच मापाचं भांडं काढलं. १२५ मिली ओतून पाहिलं, त्या मोठ्या ग्लासाच्या तळाशी ते जेमतेम दिसत होतं. “एवढीच?” म्हणाली. मग आम्ही बाटली फिरवून मागचा कागद वाचला. युनिटं लिहिलेली होती, गरोदर बाईच्या चित्रावर काट मारलेली होती. कॅन्सर हा शब्द नव्हता. भारतातल्या बाटलीवर ‘मद्यपान आरोग्यास हानिकारक’ असतं, तिथेही तो नसतो. आयर्लंडने तो छापणं सक्तीचं करणारे नियम २०२३ मध्ये केले, मे २०२६ ची तारीख ठरली, आणि मग ती पुढे ढकलून सप्टेंबर २०२८ वर नेली. ताईच्या लेकीला तोवर अठरा पूर्ण होतील.